उजव्या डोळ्यातलं पांढरं

मोतीबिंदू म्हणे.
मोती!
चाळीस वर्षं म्हार्दोळात देवळासमोर बसून ओवत आले,
असला मोती कुठल्या धाग्यात जात नाही.
"पिकलाय आता," डॉक्टर फुर्तादो म्हणाला,
पणसाला टिचकी मारून सांगावं तसं.

फोंड्याच्या दवाखान्यात बाकावर आम्ही नऊजण,
प्रत्येकाच्या एका भुवईवर चिकटपट्टी,
कोणता डोळा ते चुकू नये म्हणून.
बोरीचा एक बसड्रायव्हर होता. हळूच म्हणाला,
आक्का, दुखतं काय हो?
मी काय सांगणार, माझा नंबर त्याच्या मागं.

थेंब. परत थेंब. परत.
मग तोंडावर हिरवं कापड, कापडाला भोक,
त्या भोकापुरती मी.
"वर उजेडाकडं बघा, हलू नका."
उजेड तीन होते, मग एक,
मग सगळाच पाण्याखाली गेला,
निळं काहीतरी तरंगलं, गुलाबी काहीतरी विरलं.
यंत्र गुणगुणत होतं
आणि डॉक्टर सिस्टर इनासियाला इसवणाचा भाव विचारत होता.
मी म्हटलं, जुनं भिंग कुठं टाकता?
"बोलू नका."
आणि थोड्या वेळानं, "फोडतो. नळीनं ओढून घेतो."
म्हणजे बादलीत.
सहासष्ट वर्षं ज्यातून पाहिलं,
धनी, धन्याच्या बोटांतली विडी,
आणि ती विझल्यावरचं सगळं,
ते बादलीत.
बरं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा
समोरच्या भिंतीवर पाल होती,
पालीच्या पोटातलं काळं काहीतरी, तेही दिसलं.
घरी येऊन सुनेला विचारलं, हे डबे घासतं कोण?
ती गप्प.
डबे मीच घासते.

वाकायचं नाही. डोक्यावरून न्हायचं नाही.
चुलीपुढं बसायचं नाही, शिंकायचं नाही
(शिंकेला कोण सांगणार?)
उल्हासनं मोबाईलवर गजर लावलेत,
दिवसातून चार वेळा कोंबडा आरवतो
आणि मी आढ्याकडं तोंड करून आ वासते,
जसा थेंब तोंडात पडणार आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी
नातवानं जायोंचा पुडा आणून मांडीवर सोडला.
उजव्या डोळ्यानं पाहिलं. पांढऱ्या.
इतक्या पांढऱ्या की देठाकडं जरा हिरव्या वाटाव्यात.
उजवा मिटला, डावा उघडला.
पिवळट. कोणी चहाचं पाणी शिंपडल्यासारख्या.
कालच्या.
परत उजवा. परत डावा.
पोर म्हणालं, आजी, डोळा का मारतेस?

रुकमा.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, भर रस्त्यावर
तिची पाटी मी उधळली होती.
"शिळ्या फुलांची रास माझ्या गळ्यात मारतेस?"
गिऱ्हाइकं बघत होती.
ती म्हणाली, दुपारीच काढल्या गे, कळ्या होत्या.
मी म्हटलं,
मला डोळे आहेत.

मला डोळे आहेत.
त्यानंतर ती माझ्याकडं आली नाही.
मी वेलिंगच्या माणसाकडून घेत राहिले,
त्यालाही शिव्या घालत.

एकोणिसाव्या दिवशी काळा चष्मा लावून गेले.
ती मळ्यात कळ्या खुडत होती, कमरेला ओटी बांधून.
रस्ताभर जुळवलेलं बोलणं
तिला पाहिल्याबरोबर सुटलं.
पाय धरावेत म्हटलं तर वाकायला महिनाभर बंदी.
तशीच उभी राहिले, बांधावर, ताठ,
भांडायला आल्यासारखी.
म्हटलं, त्या पांढऱ्या होत्या.

तिनं खुडणं थांबवलं नाही.
"दोळे बरे जाले मगो?"
एकच झालाय, मी म्हटलं. दुसरा पुढल्या महिन्यात.
"मग दुसरो जातासर राव," ती म्हणाली,
"उपरांत भाव थारावया."

तरी ओटी सोडून मोजायला बसली.
पूर्वी शेकड्यावर पाच-दहा कळ्या तशाच टाकायची.
आज शंभराला शंभर.
मी दोन्ही डोळ्यांनी मोजल्या.